वारसनोंद

बँकेत खाते उघडताना माणूस सगळ्यांत जास्त कुठे अडखळत असेल, तर तो नॉमिनीच्या रकान्यापाशी. नाव, पत्ता, जन्मतारीख हे तो धडाधड लिहितो. सहीसुद्धा दोन-चार प्रयत्नांत एकसारखी जमते. पण ‘नॉमिनी’ म्हटले की पेन थांबते, मान वर होते आणि काचेपलीकडून मला विचारले जाते, “इथं कुणाचं टाकू?” जसा काही मी गेली बावीस वर्षे यांच्या माजघरात वावरतो आहे! एका गृहस्थांनी तर शेजारी उभ्या असलेल्या पत्नीकडे पाहिले, मग छताकडे पाहिले, आणि खालच्या आवाजात विचारले, “हे नंतर टाकलं तर चालेल का?” त्या बाईंनी पासबुक काढून घेतले आणि रकाना स्वतःच भरला.

लोकांची एक ठाम समजूत असते की नॉमिनी म्हणजे मालक. नाव लागले की पैसे त्याचे! तसे नसते हो. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे उचलण्याचा अधिकार असलेला माणूस. उचललेले पैसे कुणाचे, हा प्रश्न वेगळा. ते कायदेशीर वारसांचे. सर्वोच्च न्यायालयाने बँकेतल्या ठेवींबद्दल हे २०१० साली स्वच्छ सांगितले, आणि मी ते काउंटरवरून आठवड्यातून तीनदा सांगतो; पण न्यायालयाचे निदान काही लोक तरी ऐकतात. त्यात २०२५ च्या नोव्हेंबरपासून एका खात्याला चार-चार नॉमिनी लावता येऊ लागले आहेत. म्हणजे पूर्वी जिथे एक माणूस स्वतःला मालक समजत असे, तिथे आता चौघे समजू शकतात.

हे सगळे तुम्हाला ऐकवण्याचे कारण बँक नव्हे, आमचे वाचनालय आहे. मी तिथला खजिनदार. बी. कॉम. झालेला आणि बँकेत नोकरी करणारा माणूस कुठल्याही गावात फार काळ खजिनदार न होता राहू शकत नाही. गणेशमंडळ, सोसायटी, भजनीमंडळ, वाचनालय, कोणीतरी त्याला पकडतेच. तर गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाने ठरवले की आपल्या गावात जन्मलेल्या थोर साहित्यिकांचा तीन दिवसांचा महोत्सव करायचा. त्यांचे नाव मी इथे सांगत नाही. सांगितले तर तुम्ही “हे कोण?” असे विचाराल आणि उगाच गावाचा अपमान होईल.

पहिल्या सभेत अंदाजपत्रक झाले. मांडव, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांची गाडी, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हे, चहा, पुन्हा चहा. फ्लेक्सवर कुणाकुणाचे फोटो असावेत यावर सव्वा तास गेला. चौदा फोटो निश्चित झाले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आले की साहित्यिकांचा राहिलाच. त्यांना वरच्या कोपऱ्यात, आमदारांच्या फेट्याशेजारी जागा मिळाली.

तेवढ्यात आमचे एक निवृत्त गुरुजी उठले. गुरुजी सभेत उठले की अध्यक्ष घड्याळाकडे बघतात. गुरुजींनी पिशवीतून एक पुस्तक काढले. साहित्यिकांची सगळ्यांत गाजलेली कादंबरी, आमच्याच वाचनालयाची प्रत. त्यांनी शेवटचे पान उघडून टेबलावर ठेवले. तुम्हाला ती चिठ्ठी ठाऊक असेलच. पुस्तक घरी नेताना जिच्यावर तारखेचा शिक्का मारतात ती. शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता.

“अकरा वर्षं ज्याला कुणी उघडलं नाही,” गुरुजी म्हणाले, “त्याचा वारसा सांगायचा आपल्याला अधिकार काय? आणि दुसरं. त्यांना गाव का सोडावं लागलं ते सगळ्यांना माहीत आहे.”

सगळ्यांना माहीत होते. गावातल्या एका सावकारावर त्यांनी ती कादंबरी लिहिली. नाव बदलले होते. पण पारासमोरचा वाडा, वाड्यातली दोन तोंडांची विहीर आणि सावकाराची डावा खांदा उडवायची लकब हे काही बदलले नव्हते. गावाने त्यांच्याशी बोलणे टाकले. वडिलांच्या तेराव्यालाही फारसे कुणी फिरकले नाही म्हणतात. ते गेले ते पुन्हा आले नाहीत. आणि आता आम्ही त्यांच्या नावाचा मांडव घालायला निघालो होतो.

अध्यक्ष म्हणाले, “गुरुजी, आपलं गाव आहे, आपला लेखक आहे. यात अधिकाराचा प्रश्न येतो कुठं?”

मला एकदम काउंटर आठवला. हे नॉमिनीचे बोलणे होते!

मी तसा तत्त्वज्ञानात पडणारा माणूस नाही. कॉमर्सच्या मुलांना तत्त्वज्ञान नसते, त्यांना ताळेबंद असतो. पण त्या रात्री झोप येईना. लेखक मेल्यावर तो कुणाचा? पुस्तकांच्या हक्कांचे ठीक आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ते त्याच्या वारसांकडे राहतात आणि मग सर्वांचे होतात. पण अभिमानाचे काय? तो कुणाच्या नावे वर्ग करायचा? जन्मला त्या गावाच्या, की ज्याने जगवले त्या गावाच्या, की जो कोणी वाचतो त्याच्या?

उदाहरणे पाहू गेलो तर गोंधळ वाढलाच. केशवसुत मालगुंडला जन्मले आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले, वयाची चाळिशीही न गाठता. मधल्या काळात पोटासाठी गावोगाव मास्तरकी केली. मालगुंडला त्यांचे स्मारक झाले ते १९९४ साली. म्हणजे जन्मगावाने वारसनोंद केली, पण नव्वद वर्षे घेतली. तलाठी कार्यालयाला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कुसुमाग्रजांचे तर प्रकरण निराळेच. जन्म पुण्याचा, आणि नाव गजानन रंगनाथ. काकांनी दत्तक घेतले म्हणून विष्णु वामन शिरवाडकर झाले. पुढे सारे आयुष्य नाशकात गेले, आणि नाशिककरांसमोर त्यांना पुण्याचे म्हणण्याची कुणाची छाती आहे? म्हणजे माणूस जसा दत्तक गेला, तसे त्याने गावही दत्तक घेतले. दत्तकाला वारसाहक्क पूर्ण असतो हे कायद्यालाही मान्य आहे. आणि नारायण सुर्वे? मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले आणि स्वतःचे नाव दिले. तिथे जन्मगाव म्हणून कुणी मांडव घालायचा? रकाना कोराच. तरी ‘माझे विद्यापीठ’ला वारसांची कधी वाण पडली नाही.

पण मला खरा धक्का बसला तो सातासमुद्रापलीकडच्या एका गावाची हकिगत वाचून. २७ फेब्रुवारी ही तारीख आपल्याला कुसुमाग्रजांमुळे पाठ असते. त्याच तारखेला, त्यांच्या दहा वर्षे आधी, म्हणजे १९०२ साली कॅलिफोर्नियातल्या सलीनास गावी जॉन स्टाइनबेक जन्मला. पुढे १९६२ चे नोबेल मिळवणारा. त्याचे वडील परगण्याचे खजिनदार होते, हे वाचून मला त्या घराण्याविषयी एकदम आपुलकी वाटली.

सलीनास हे शेतमालाचे गाव. मैलोगणती कोबीसारखी दिसणारी सॅलडची पाने पिकवायची आणि देशभर पाठवायची. मळेवाले श्रीमंत, मजूर कंगाल. स्टाइनबेकने १९३९ साली ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ लिहिली ती मजुरांच्या बाजूने. झाले! कॅलिफोर्नियातल्या केर्न परगण्याने आपल्या वाचनालयांतून ती कादंबरी हद्दपार केली, तिथल्या बेकर्सफील्डमध्ये तिची प्रत चारचौघांत जाळण्यात आली. खुद्द सलीनासलाही हा पोरगा नकोसाच झाला होता. आपल्याच अंगणात खेळलेला मुलगा आपल्याच मळ्यांविषयी असे लिहितो म्हणजे काय?

आणि मग तो मोठा झाला. म्हणजे गावाबाहेर मोठा झाला. त्यासरशी गावालाही तो आवडू लागला. एका शाळेला त्याचे नाव द्यावे अशी टूम निघाली, तेव्हा त्याने कळवले की शाळेला नको; गावाला माझे नाव कुणाला अपाय न करता टिकवायचेच असेल, तर ते चेंडू मारून लाकडी खुंट्या पाडायच्या खेळाच्या जागेला द्या, किंवा कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानाला द्या. तिसराही एक पर्याय त्याने सुचवला होता, पण हे पुस्तक घरातली लहानथोर मंडळीही वाचतील, म्हणून तो सांगत नाही. १९६८ साली तो न्यूयॉर्कमध्ये वारला. अस्थी मात्र सलीनासच्या दफनभूमीत घरच्यांशेजारी आल्या. आता तो काही कळवू शकत नाही म्हटल्यावर गावाने मुख्य वाचनालयालाच त्याचे नाव देऊन टाकले. जन्मघर होते तिथे आता उपाहारगृह आहे. त्याच्या नावाचा महोत्सव भरू लागला. १९९८ मध्ये भर मुख्य रस्त्यावर त्याच्या नावाचे मोठे केंद्र उभे राहिले. व्याख्याने, सहली, चर्चा, सगळे यथासांग.

इथवर तुम्ही म्हणाल, छान झाले, शेवट गोड झाला. पण खजिनदार मंडळींनी पुढचे ऐकावे. २००४ च्या अखेरीस सलीनास नगरपालिकेकडे पैसे संपले. वाढीव कराला मतदारांनी नकार दिला, आणि नगरपालिकेने काटकसर म्हणून काय बंद करायचे ठरवले? गावातली तिन्हीच्या तिन्ही वाचनालये! त्यांतले एक जॉन स्टाइनबेक वाचनालय आणि दुसरे शेतमजुरांचे पुढारी सेसार चावेझ यांच्या नावाचे. ज्या लेखकाच्या नावावर गाव पाहुणे बोलावते, त्याच्याच नावाच्या वाचनालयाला कुलूप! जगभर वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला. २००५ च्या एप्रिलमध्ये लेखक आणि वाचक जमले आणि त्यांनी सलग चोवीस तास वाचन केले. देणग्या आल्या, दारे कशीबशी उघडी राहिली. अखेर त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच मतदारांनी अर्धा टक्का विक्रीकर स्वतःवर लादून घेतला आणि वाचनालये वाचली.

हा अर्धा टक्का मला फार आवडला. नोबेलवाल्याचा फोटो लावायला काही लागत नाही. पण दर शंभर डॉलरच्या खरेदीवर पन्नास सेंट मोजायचे, म्हणजे नॉमिनीपण संपले आणि वारसपण सुरू झाले. कारण वारसाचा एक नियम लोक सोयीस्करपणे विसरतात. मयताची मालमत्ता ज्याच्याकडे जाते, त्याला त्या मालमत्तेपुरती मयताची देणीही चुकवावी लागतात. घर घेतो पण घरावरचे कर्ज घेत नाही, असे म्हणता येत नाही. आमच्या काउंटरवर असे म्हणणारे पुष्कळ येतात. ते आले की मी साहेबांच्या केबिनकडे बोट दाखवतो.

पुढच्या सभेत मी सलीनासची हकिगत सांगितली आणि सूचना मांडली की महोत्सव करू, पण एक संध्याकाळ ती कादंबरीच वाचू. भाषणे नकोत. गावाला झोंबलेली प्रकरणे मोठ्याने वाचायची, गावानेच बसून ऐकायची. गुरुजी खूश झाले. अध्यक्ष म्हणाले, “कल्पना चांगली आहे. पण काकूंचं काय?”

सभा गप्प झाली. काकू म्हणजे त्या सावकाराची नात. वय एक्याऐंशी. त्याच वाड्यात एकट्या राहतात. वाचनालयाच्या सगळ्यांत जुन्या सभासद. दर शनिवारी दोन पुस्तके नेतात आणि पुढच्या शनिवारी वर्तमानपत्राचे कव्हर घालून परत आणतात.

आता सांगा. आजोबांनी लोकांची शेते गिळली हे खरे. पण त्यात या बाईचा काय गुन्हा? आजोबांचे कर्ज मुला-नातवंडांनी फेडण्याचे जे धार्मिक कर्तव्य आपल्या कायद्यात मुरलेले होते, तेही २००५ च्या दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरते काढून टाकले. आणि मुळात ते नातवावर होते, नातीवर नव्हतेच. मग कर्ज नाही तर बदनामी तरी तिच्याकडून का वसूल करायची? एका मेलेल्या माणसाला न्याय द्यायचा म्हणून एका जिवंत बाईला चारचौघांत मान खाली घालायला लावायची? गुरुजी म्हणाले, “सत्य आहे ते आहे.” ते खरेच, पण सत्य बोलणाऱ्याच्या घरी परतताना वाटेत तो वाडा लागत नव्हता, माझ्या घरी जाताना लागतो. दुसरीकडे, ज्यांची शेते गेली त्यांचीही नातवंडे गावात आहेत, आणि त्यांचे नाव कुणी कुठल्या दगडावर कोरलेले नाही. त्यांच्याविषयी जे काही लिहिले गेले ते त्या एका पुस्तकात. ते न वाचणे म्हणजे ती खाती पुन्हा एकदा बुडवणे. दोन्ही बाजूंची बेरीज करून पाहिली, जमेना. मी इतकी वर्षे रोज संध्याकाळी रोकड जुळवतो आहे, पण असा फरक कधी राहिला नव्हता.

काकूंचे पेन्शनचे खाते माझ्या काउंटरवर, म्हणून त्यांना विचारायला मलाच पाठवले. काकूंनी चहा टाकला. मी प्रस्तावना करतो आहे, करतो आहे, तेव्हा त्याच म्हणाल्या, “ती कादंबरी ना? मी सोळाव्या वर्षी वाचली. तांदळाच्या डब्यात लपवून. आजोबा तसेच होते.”

मी कपाकडे बघत राहिलो.

“पण तेवढेच नव्हते,” काकू म्हणाल्या. “तुमच्या वाचनालयाची जागा कुणाची?”

खजिनदार या नात्याने मला हे तोंडपाठ असायला हवे, आणि होतेही. जमीनजुमल्याच्या खात्यावर पहिलीच नोंद आहे: जागा, देणगी, देणगीदार अमुकतमुक. दाराशेजारी संगमरवरी पाटी आहे. रोज मी तिच्यावरून जातो. ज्या सावकारावर कादंबरी लिहिली त्याच्याच जागेवरच्या वाचनालयात बसून त्या लेखकाने पोरवयात पहिली पुस्तके वाचली होती. ती जागा आधी कुणाकडून सावकाराकडे आली होती, तेही कादंबरीच्या सातव्या प्रकरणात आहे. आता लावा वारसनोंद!

“वाचा तुम्ही,” काकू म्हणाल्या. “सातवं प्रकरण वाचा, तेच बरं आहे. पुढं जरा लांबण लावलीय. मी येईन. फक्त आमची पाटी झाकू नका.”

वाचनाच्या संध्याकाळी काकू पहिल्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या. गुरुजींनी सातवे प्रकरण वाचले. पारापलीकडच्या आळीतले, एरवी वाचनालयाची पायरी न चढणारे सात-आठ जण मागे उभे राहून ऐकत होते. विहिरीचे वर्णन आले तेव्हा काकूंनी शेजारणीला खालच्या आवाजात सांगितले की रहाट उजवीकडे नव्हता, डावीकडे होता. संपल्यावर मागच्यांपैकी एक म्हातारे पुढे आले आणि काकूंपाशी उभे राहून काहीतरी बोलले. काय ते आम्हाला ऐकू आले नाही. ध्वनिक्षेपक तेव्हा नेमका चहाची सूचना देत होता. दुसऱ्या आठवड्यापासून त्या कादंबरीला मागणी लागली. प्रत एकच, तीही शिवण सुटलेली. आम्ही आणखी चार मागवल्या आहेत.

पाटीचे मात्र रामायण झाले. मांडववाल्याने फ्लेक्स बांधला तो नेमका पाटीवर. मी तो दीड फूट सरकवायला लावला. सरकवल्यावर शेवटचा फोटो खांबामागे गेला. तो फोटो ज्यांचा होता त्यांनी २,५०१ रुपयांची देणगी जाहीर केली होती. त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, साहेब नाराज आहेत. मी त्याला सगळे समजावून सांगितले: सावकार, कादंबरी, काकू, सलीनाससुद्धा. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, “ते बरोबर आहे, पण आमचा फोटो दिसला नाही.”

ते २,५०१ रुपये अजून माझ्या हिशेबात ‘येणे’ या सदराखाली उभे आहेत. हिशेबतपासनीस दर खेपेला विचारतात, बुडीत धरायचे का. मी सांगतो, इतक्यात नको, निवडणुका जवळ आल्यात.